हत्यार घरपोच नको

भारतात अग्निशस्त्राच्या खरेदीत परवाना आधी आणि पैसे नंतर. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३ नुसार परवान्याशिवाय बंदूक, रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल जवळ बाळगता येत नाही; कलम ५ नुसार परवान्याशिवाय त्यांचा धंदाही करता येत नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवली, भिवंडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात परवाना देण्याचा अधिकार ठाण्याच्या पोलीस आयुक्तांकडे आहे. आयुक्तालयाच्या हद्दीबाहेर, शहापूर-मुरबाडकडे, तो जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. अर्ज, पोलीस पडताळणी, वैद्यकीय दाखला, शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण, मग परवाना आणि शेवटी परवानाधारक विक्रेत्याकडची खरेदी, असा हा क्रम आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला ठेवता येणाऱ्या अग्निशस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली.

या क्रमातली शेवटची पायरी, म्हणजे प्रत्यक्ष दुकान, आता अनावश्यक झाली आहे असे मानणारा एक पक्ष आहे. त्याचे मुद्दे थोडक्यात असे. परवान्याचा अर्ज ऑनलाइन भरता येतो, मग शस्त्रच का मागवता येऊ नये? विक्रेते मोजके, त्यांचे भाव गुलदस्त्यात, आणि रिव्हॉल्व्हर घेणाऱ्या सराफाला किंवा व्यापाऱ्याला त्यासाठी दुकानाच्या खेपा. ऑनलाइन व्यवहारात मोबाइल क्रमांक, बँक खाते, पत्ता, सगळ्याची नोंद राहते. दुकानातल्या वहीपेक्षा ती पक्की. शिवाय दुकाने तरी कुठे धुतल्या तांदळासारखी आहेत? गुन्हेगार दुकानातूनही घेत नाही आणि परवानाही काढत नाही, तेव्हा जाच होतो तो सरळमार्गी माणसाला. आणि अमेरिकेत तर बंदुका ऑनलाइन मिळतातच. हे मुद्दे वरवर पाहता बिनतोड वाटतात. एकेक तपासला की त्यांचा जोर ओसरतो.

पहिला मुद्दा अर्जाचा. शस्त्र परवान्यांची राष्ट्रीय नोंद संगणकावर आली आणि प्रत्येक परवान्याला स्वतंत्र ओळख क्रमांक मिळाला, हे खरे. पण अर्ज हा कागद आहे. त्यात चूक झाली तर तो परत येतो, दुरुस्त होतो, फेटाळला जातो. चुकीच्या हाती पडलेले पिस्तूल असे परत येत नाही. अर्ज ऑनलाइन करण्याला कोणाचा विरोध नाही. वाद आहे तो ताब्याचा.

दुसरा, माग राहतो हा मुद्दा. डोंबिवलीतल्या एखाद्या मोठ्या गृहसंकुलाच्या फाटकावर संध्याकाळी पार्सले कशी पोचतात ते पाहावे. मागणी मुलाच्या खात्यावरून, पैसे वडिलांच्या खात्यातून, घरात कोणीच नाही. पार्सलवाला फोन करतो, पलीकडून ओटीपी तोंडी सांगितला जातो आणि खोके वॉचमनच्या टेबलावर ठेवून तो पुढच्या इमारतीकडे निघतो. रात्री ते खोके कोणी उचलले, याची नोंद कुठल्याच सर्व्हरवर नसते. ऑनलाइन व्यवहारात पैशाचा माग राहतो, हाताचा राहत नाही. चपलांच्या बाबतीत एवढा माग पुरतो, काडतुसांच्या बाबतीत पुरत नाही.

यावर इतिहासाने एक धडा आधीच दिला आहे. मार्च १९६३ मध्ये ली हार्वे ऑस्वाल्डने शिकागोच्या एका दुकानातून टपालाने रायफल मागवली. जाहिरातीतले कूपन भरले, नाव खोटे दिले, पत्ता टपालपेटीचा दिला आणि टपालखर्चासह २१ डॉलर ४५ सेंट पाठवले. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला डॅलसमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांची हत्या झाली आणि तपासात त्या कूपनापर्यंत पोलीस पोचले. माग लागला, पण अध्यक्षांच्या मृत्यूनंतर. दुकानाच्या गल्ल्यावर होणारी ओळखतपासणी गुन्ह्याआधी होते. टपालाचा किंवा संगणकाचा माग बहुधा गुन्ह्यानंतरच उपयोगी पडतो.

अमेरिकेचा दाखलाही म्हणूनच उलटतो. १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्याने तिथे एका राज्यातून दुसऱ्या राज्यातल्या सामान्य ग्राहकाला टपालाने बंदूक पाठवण्यावर बंदी आली. आज तिथे संकेतस्थळावर व्यापाऱ्याकडून घेतलेली बंदूक ग्राहकाच्या दारात येत नाही. ती त्याच्या गावातल्या परवानाधारक दुकानदाराकडे येते. ग्राहक तिथे जातो, अर्ज भरतो, पार्श्वभूमीची तपासणी होते आणि मगच ताबा मिळतो. खासगी व्यक्तींमधल्या विक्रीला अनेक राज्यांत ही तपासणी लागू नाही, आणि तिथला मोठा वाद नेमका या पळवाटेवर आहे. शस्त्रांच्या बाबतीत इतक्या सैल देशालाही शेवटच्या पायरीवर दुकान ठेवावे लागले.

तिसरा मुद्दा घरपोच सेवेचा, आणि इथे कायदाच आडवा येतो. परवानाधारकाचे शस्त्र दुसऱ्याने वाहून न्यायची मुभा कलम ३ मध्ये आहे, पण ती परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकाराने, आणि तीही दुरुस्ती, परवान्याचे नूतनीकरण किंवा त्याचा स्वतःचा वापर यांपुरतीच. विक्रीचा माल घरोघर पोचवणे त्यात बसत नाही. स्कूटरवरून पिस्तूल घेऊन निघालेला पार्सलवाला कायद्याच्या दृष्टीने विनापरवाना शस्त्र बाळगणारा ठरेल, आणि त्याची शिक्षा २०१९ नंतर दोन ते पाच वर्षांची झाली आहे. महिन्याच्या पगारावर पोट भरणाऱ्या त्या तरुणाच्या पाठीवर ही जोखीम टाकायची, ती कोणाच्या सोयीसाठी? एका खासगी माणसाने आपले कायदेशीर शस्त्र दुसऱ्या परवानाधारकाला विकायचे ठरवले, तरी त्याला ग्राहकाचे नाव-पत्ता जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून निदान ४५ दिवस थांबावे लागते. जिथे कायदा पंचेचाळीस दिवस थांबायला सांगतो, तिथे 'उद्या दुपारी दोनपर्यंत पोचेल' ही भाषा शोभत नाही.

चौथा मुद्दा दुकानांच्या चारित्र्याचा. त्याला डोंबिवलीचेच उदाहरण दिले जाते आणि ते खरे आहे. जानेवारी २०१९ मध्ये कल्याणच्या गुन्हे शाखेने डोंबिवलीतल्या एका फॅशनच्या दुकानावर छापा घातला आणि एअरगन, तलवारी, चॉपर, चाकू अशी सुमारे १७० हत्यारे जप्त केली. मात्र या उदाहरणातून निष्कर्ष काय निघतो, ते पाहावे. ते दुकान शस्त्रविक्रेत्याचे नव्हते. पाटी एका मालाची आणि आत माल दुसरा, असा तो प्रकार होता. तिथे शस्त्रविक्रीचा परवाना नव्हता आणि त्यामुळे तपासणीला येणारा अधिकारीही नव्हता. स्थानिक दुकान म्हणून शटर असलेले कोणतेही दुकान चालणार नाही, हा त्याचा धडा आहे. ऑनलाइन विक्रीचे समर्थन त्यातून होत नाही.

किंबहुना त्याच्या आदल्या वर्षीच्या मे महिन्यात ऑनलाइन बाजूचाही नमुना समोर आला होता. तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, ११ मे २०१८ च्या रात्री दंगल पेटली. महिनाअखेरीस पोलिसांनी ऑनलाइन मागवलेल्या तलवारी, चाकू, कुकरी अशा हत्यारांची पार्सले पकडली. दंगलीने होरपळलेल्या शहरात तलवार मागवणारा कोण आणि कशासाठी, हा प्रश्न विकणाऱ्या संकेतस्थळाला पडला नाही, कारण तो पडण्यासाठी पलीकडे माणूसच नव्हता. परवानाधारक दुकानदाराने दंगलीच्या पंधरवड्यात एकापाठोपाठ तलवारी विकल्या असत्या, तर त्याला पोलिसांसमोर जाब द्यावा लागला असता.

पाचवा मुद्दा गुन्हेगार दुकानात जात नाही हा. ठाणे-कल्याणच्या गुन्हे शाखेच्या कारवायांत सापडणारे पिस्तूल बहुधा 'गावठी कट्टा' असते आणि त्याचा उगम अनेकदा मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूर, बडवानी, खरगोन, धार या भागात निघतो. बस किंवा रेल्वेने तो इथवर येतो. पण चोरटा बाजार चालतो म्हणून सरळ बाजाराचे कुलूप काढायचे, हे तर्कात बसत नाही. उलट समाजमाध्यमांवर 'पिस्तूल मिळेल' अशी जाहिरात दिसली, तर अधिकृत विक्री अशी होतच नाही, हे ठामपणे माहीत असणे हीच ग्राहकाची ढाल आहे. एकदा काही संकेतस्थळांना मुभा दिली की खरे कोणते आणि खोटे कोणते हे ओळखणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर जाईल. आज अशा जाहिरातीला भुलून आगाऊ रक्कम पाठवणारा दोन्हीकडून बुडतो: हत्यार येत नाही, आणि १९३० या सायबर मदतवाहिनीवर तक्रार करायची तर आधी आपण काय घ्यायला निघालो होतो ते सांगावे लागते.

इथे एक आक्षेप प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. परवाना आणि दुकान असूनही रक्त सांडते. २ फेब्रुवारी २०२४ रोजी उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात, एका आमदाराने परवान्याच्या शस्त्रातून राजकीय प्रतिस्पर्ध्यावर गोळ्या झाडल्याचा आरोप आहे. दुकानदार ग्राहकाचे ओळखपत्र पाहू शकतो, त्याचा राग पाहू शकत नाही. तो पाहण्याचे काम परवाना देणाऱ्याचे आहे. कलम १७ खाली परवाना स्थगित किंवा रद्द करता येतो, आणि पाच वर्षांनी नूतनीकरणाच्या वेळी पुन्हा पडताळणी होते. हे अधिकार वजनदार माणसांपुढे वापरले जात नाहीत, ही खरी तक्रार आहे. ती रास्तच आहे. पण एक चाळणी सैल आहे म्हणून दुसरीही फेकून द्यावी, असे त्यातून निघत नाही.

खंडन झाले, आता मंडन. परवानाधारक दुकान नेमके करते काय? ग्राहक समोर उभा असताना तेथे परवान्यावरचे छायाचित्र चेहऱ्याशी ताडले जाते. मुदत, ओळख क्रमांक, परवानगी दिलेल्या शस्त्राचा प्रकार आणि बोअर, काडतुसांची मर्यादा ही एकेक नोंद पाहिली जाते. परवाना .३२ च्या रिव्हॉल्व्हरचा असेल तर दुसरे शस्त्र दाखवलेही जात नाही. शस्त्रावर कोरलेला क्रमांक परवान्यावर आणि दुकानाच्या नोंदवहीत चढतो. ओळखचिन्ह नसलेले अग्निशस्त्र विकणे हाच गुन्हा आहे. काडतुसे प्रत्येक खरेदीला परवान्यावर मांडली जातात, त्यामुळे एका वर्षात कोणी किती घेतली ते तिथल्या तिथे कळते. पुढे मालक वारला, परवाना संपला किंवा रद्द झाला, तर कलम २१ नुसार शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. निवडणुकीच्या आचारसंहितेच्या काळातही जमा शस्त्रांची सोय लागते. विक्री, जमा, दुरुस्ती आणि वारसाकडे हस्तांतर, या सगळ्याला एक ठिकाण, एक वही आणि एक जबाबदार माणूस असतो. गोदाम एका राज्यात, विक्रेता दुसऱ्यात आणि पोचवणारी कंपनी तिसऱ्यात असली, की जबाबदारी वाटता वाटता नाहीशी होते.

परवान्याच्या कक्षेबाहेरची हत्यारे हा वेगळा गट आहे आणि ऑनलाइन विक्रीची खरी डोकेदुखी तिथेच आहे. २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या ०.१७७ इंची, म्हणजे ४.५ मिलिमीटरच्या एअरगनला परवाना लागत नाही. दहा मीटर नेमबाजी शिकणाऱ्या मुलांना ती लागतेच. पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेने २०२४ साली रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळवल्यावर या खेळाकडे वळणाऱ्या घरांना ती मिळायलाच हवी. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची, शेतीच्या वा घरकामाच्या अवजारांत न मोडणारी तलवार-खंजिरे कायद्याच्या यादीत आहेत. तरी कलम ४ चा परवाना अधिसूचित भागांतच लागतो. शहरात मात्र महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) खालील मनाई आदेश वेळोवेळी लागू असतात आणि शस्त्र घेऊन फिरणाऱ्यावर कलम १३५ खाली गुन्हा दाखल होतो. शोभेची म्हणून मागवलेली तलवार मिरवणुकीत नाचवली गेली की ती शोभेची राहत नाही. या गटाची ऑनलाइन विक्री सरसकट बंद करण्याची गरज नाही. वयाचा पुरावा, ताबा घेताना ओळखपत्र आणि मनाई आदेशाच्या काळात त्या शहरात पुरवठा बंद, एवढ्या अटी संकेतस्थळांवर घालणे शक्य आहे आणि आवश्यकही.

ग्राहकाच्या गैरसोयीवरचा उपाय दुकान हटवणे हा नव्हे. विक्रेत्यांनी उपलब्ध शस्त्रे आणि किमती जाहीर कराव्यात, भेटीची वेळ आधी ठरवता यावी, आणि दुकानाची नोंदवही परवान्यांच्या राष्ट्रीय नोंदीशी जोडून प्रत्येक विक्री त्याच दिवशी आयुक्तालयाला दिसावी. संगणकाचा खरा उपयोग इथे आहे. अर्ज, चौकशी आणि भाव ऑनलाइन असावेत. शस्त्र मात्र परवाना हातात घेतलेल्या माणसाला, परवाना असलेल्या विक्रेत्याने, समोरासमोरच द्यावे.