विजेचं बिल कळतं, मग दवाखान्याचं का नाही?

महाड-पोलादपूर : महावितरणचं बिल हातात आलं की गावातला माणूस आधी मागील रीडिंग आणि चालू रीडिंग बघतो. युनिट जास्त वाटले तर थेट कार्यालय गाठतो. तोच माणूस खासगी दवाखान्याचं बिल हातात पडलं की गप्प होतो. कारण ते बिल इंग्रजीत असतं आणि त्यातले अर्धे शब्द त्याने कधी ऐकलेले नसतात.

आपल्या दोन्ही तालुक्यांतला गंभीर रुग्ण बऱ्याचदा पनवेल, कामोठे नाहीतर मुंबईला हलवावा लागतो. घाईत अ‍ॅडव्हान्स भरला जातो, दागिने गहाण पडतात. डिस्चार्जच्या दिवशी बिलाचा फोटो मुंबईच्या चाकरमान्याला व्हॉट्सअ‍ॅपवर जातो. 'कन्झ्युमेबल्स', 'प्रोसिजर चार्जेस', 'मिसलेनियस' म्हणजे नेमकं काय, हे त्यालाही सांगता येत नाही. मग रक्कम भरून सुटका करून घ्यायची, एवढंच उरतं.

नियम आहेत, पण कागद तोच

राज्याने 2021 मध्ये शुश्रूषागृह नोंदणीचे नियम सुधारले. खासगी रुग्णालयाने दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे. बिल थकलं म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या सनदेतही तपशीलवार बिल मिळणं हा रुग्णाचा हक्क मानला आहे. देशभर बिलाचा एकच नमुना असावा यासाठी केंद्राच्या पातळीवर भारतीय मानक ब्युरोमार्फत हालचालीही झाल्या.

पण तपशील दिला म्हणजे बिल समजलं असं नाही. चार पानं इंग्रजी यादी हाही तपशीलच! बिल तपासलं की फरक पडतो, हे कोरोनात दिसलं. मे 2020 मध्ये सरकारने वॉर्डसाठी दिवसाला 4000, आयसीयूसाठी 7500 आणि व्हेंटिलेटरसह 9000 रुपये अशी कमाल मर्यादा घातली आणि बिलं तपासायला लेखापरीक्षक नेमले. जादा घेतलेली रक्कम अनेक ठिकाणी कमी झाली. दर ठरलेला होता आणि वाचणारा माणूस होता, म्हणूनच हे झालं.

बिल कसं हवं?

पहिल्या पानावर मराठीत पाच ओळी पुरेत : एकूण खर्च, योजनेतून किंवा विम्यातून मिळालेले, अ‍ॅडव्हान्स भरलेला, सवलत आणि आता द्यायचे. खाली खोलीचे दिवस, डॉक्टरांच्या भेटी, तपासण्या आणि औषधं वेगवेगळी, प्रत्येकापुढे नग आणि दर. 'इतर' या नावाखाली मोठी रक्कम नको. बिल संगणकावरच निघतं, त्यामुळे हे अवघड नाही.

तोपर्यंत आपण काय करायचं?

• दाखल करतानाच अंदाजे खर्च लिहून मागा. महात्मा जोतिराव फुले योजनेत उपचार बसतात का, हे आरोग्यमित्राला विचारा, नाहीतर 155388 वर फोन करा.
• अ‍ॅडव्हान्सची प्रत्येक पावती जपून ठेवा.
• रोजच्या रोज बिल किती झालं ते विचारा.
• पैसे भरण्याआधी तपशीलवार बिल घ्या आणि न कळलेल्या ओळीवर गोल करून अर्थ विचारा.
• समाधान झालं नाही तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर किंवा अलिबागच्या ग्राहक आयोगाकडे जाता येतं.

डॉक्टरांवर अविश्वास दाखवायचा म्हणून हे विचारायचं नाही. पैसे आपले आहेत, तेव्हा ते कशाचे गेले हे कळायलाच हवं.