प्रमाणपत्र म्हणजे पुरावा नव्हे: हिटलरच्या रोजनिश्या आणि संग्राहकांचा मोह

१/ फेब्रुवारी २०१७. अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातील एका लिलावात लाल रंग दिलेला जुना दूरध्वनी २ लाख ४३ हजार डॉलरला विकला गेला. १९४५ साली एका ब्रिटिश अधिकाऱ्याने तो हिटलरच्या बर्लिनमधील तळघरातून आणला, अशी त्याची हकिकत. पुढे फ्रँकफर्टच्या दळणवळण संग्रहालयातील तज्ज्ञाने आक्षेप घेतला की, याचा रिसीव्हर ब्रिटिश बनावटीचा आहे. विक्रेत्यांनी आक्षेप फेटाळला. बोली तोवर लागून गेली होती.

२/ या थ्रेडचा विषय आहे कुप्रसिद्ध माणसांच्या खाजगी वस्तू जमवण्याचा छंद आणि त्या वस्तू अस्सल ठरवण्याची रीत. माझे म्हणणे आधीच सांगतो. या बाजारात ज्याला ‘पुरावा’ म्हणतात, तो बहुधा पुरावा नसतो. आणि ‘खोटी निघाली तरी बिघडले काय?’ हा प्रश्न वाटतो तितका निरागस नाही. दोन्ही मुद्द्यांसाठी एकच प्रकरण पाहू: १९८३ सालच्या हिटलरच्या रोजनिश्या.

३/ सुरुवात एका नौकेपासून झाली. ‘स्टर्न’ या जर्मन साप्ताहिकाचा वार्ताहर गेर्ड हायडेमान याने १९७३ साली हर्मान गोरिंगची ‘कारिन २’ ही नौका विकत घेतली. दुरुस्तीपायी तो कर्जात बुडाला. गोरिंगच्या कन्येशी ओळख झाली, जुन्या नाझी सेनाधिकाऱ्यांच्या बैठका नौकेवर रंगू लागल्या. शोधपत्रकार म्हणून नावाजलेला माणूस हळूहळू भक्त बनला. वस्तू आपण बाळगतो असे संग्राहकाला वाटते; पुष्कळदा वस्तूच त्याला बाळगत असते.

४/ अशा माणसाला स्टुटगार्टमध्ये कोनराड कुयाउ भेटला. हा नाझी काळातील वस्तूंचा विक्रेता आणि निष्णात बनावटकार. २१ एप्रिल १९४५ रोजी बर्लिनहून निघालेले एक विमान सॅक्सनीतील बोर्नर्सडोर्फ गावाजवळ कोसळले होते. त्यातील कागदपत्रे गेल्याचे ऐकून हिटलर हळहळला, असे त्याचा वैमानिक हान्स बाउर याने आठवणींत लिहिले होते. कुयाउची कथा अशी की, रोजनिश्या त्याच विमानात होत्या आणि आता पूर्व जर्मनीतून चोरवाटेने येत आहेत.

५/ येथे जरा थांबा. विमान खरे होते, अपघात खरा होता, गावात वैमानिकांच्या कबरीही होत्या. हायडेमानने त्या जाऊन पाहिल्या आणि त्याची खात्री पटली. परंतु विमान कोसळले यावरून फक्त विमान कोसळले एवढेच सिद्ध होते. त्या ढिगाऱ्यापासून स्टुटगार्टच्या दुकानापर्यंत वह्या कोणाकोणाच्या हातून आल्या, याचे उत्तर एकच होते: ‘नावे सांगितली तर माणसे जिवानिशी जातील.’ ज्या साखळीची प्रत्येक कडी गुप्त आहे, ती साखळीच नव्हे.

६/ मग हस्ताक्षराची तपासणी झाली. तज्ज्ञांनी रोजनिशीतील पाने हिटलरच्या ‘अस्सल’ हस्ताक्षराशी ताडून पाहिली आणि अक्षर एकाच माणसाचे असल्याचा निर्वाळा दिला. निर्वाळा बव्हंशी बरोबरच होता! कारण तुलनेला दिलेल्या नमुन्यांतही कुयाउनेच लिहिलेले कागद होते. चोराच्या साक्षीला चोरच उभा होता, आणि न्यायासनाला त्याचा पत्ता नव्हता.

७/ हे विष आधीच पसरले होते. इतिहासकार एबरहार्ड येकेल यांनी १९८० साली हिटलरच्या १९२४ पर्यंतच्या लेखनाचा साधनग्रंथ संपादित केला. त्यात कुयाउचे अनेक कागद शिरले होते, आणि ते एका खाजगी संग्रहातून आले होते. एका हौशी माणसाच्या कपाटातील खोटा कागद साधनग्रंथात गेला की, पुढच्या पिढीचा अभ्यासक त्याला तळटीप म्हणून वापरतो. कपाट खाजगी असते. नुकसान सार्वजनिक होते.

८/ ह्यू ट्रेव्हर-रोपर हे हिटलरच्या अखेरच्या दिवसांवरील ग्रंथाचे कर्ते, इंग्लंडमधील मान्यवर इतिहासकार. त्यांनी प्रथम रोजनिश्या अस्सल ठरवल्या. कागदाची तपासणी झाली आहे आणि वह्या देणाऱ्याची ओळख ठाऊक आहे, असे त्यांना सांगण्यात आले होते. त्यांनी ते मानले. २५ एप्रिल १९८३ च्या पत्रकार परिषदेपर्यंत त्यांचे मत डळमळू लागले होते. पण त्यांचे नाव वापरून झाले होते. विद्वानाचा शब्दही दुसऱ्याच्या आश्वासनावर उभा असेल, तर तो ऐकीव पुरावाच होय.

९/ ६ मे १९८३ रोजी जर्मनीच्या संघीय अभिलेखागाराने निकाल जाहीर केला: रोजनिश्या बनावट. कागदात शुभ्रता आणणारे असे रसायन होते, जे युद्धानंतरच वापरात आले. बांधणीच्या दोऱ्यात पॉलिएस्टर होते. मजकुराचा मोठा भाग माक्स डोमारुस यांनी संकलित केलेल्या हिटलरच्या भाषणांच्या ग्रंथातून उचललेला होता, तोही त्यातील चुकांसकट. साठेक वह्यांसाठी ‘स्टर्न’ने सुमारे ९३ लाख मार्क मोजले होते. १९८५ साली कुयाउ आणि हायडेमान दोघांनाही कारावास झाला.

१०/ आता त्या ‘निरागस’ प्रश्नाकडे येऊ. या वह्यांतला हिटलर कसा होता? पोटाच्या दुखण्याने त्रस्त, एव्हाच्या तक्रारींनी वैतागलेला, ज्यूंवरील हिंसेमुळे नाराज होणारा, आणि त्यांच्या संहाराविषयी जणू काही माहीतच नसलेला. साठ लाख ज्यूंच्या हत्येचा सूत्रधार एका बनावटकाराच्या लेखणीने धुऊन काढला होता. खाजगी वस्तूची भूक ही ‘राक्षसामागचा माणूस’ पाहण्याची भूक असते, आणि बनावटकार नेमके तेच ताटात वाढतो.

११/ ‘आम्ही इतिहास जपतो’, हा संग्राहकांचा नेहमीचा बचाव. काही जण खरोखर जपतात, हे मान्य. नोव्हेंबर २०१९ मध्ये म्युनिकच्या लिलावात हिटलरची म्हणून विकली गेलेली टोपी अब्दल्ला शातिला या लेबनॉनमध्ये जन्मलेल्या उद्योजकाने इतर वस्तूंसह विकत घेतली आणि एका ज्यू संस्थेला देऊन टाकली. हेतू उदात्त होता. तरीही लिलावात पडलेला प्रत्येक युरो पुढच्या विक्रेत्याला, आणि पुढच्या कुयाउलाही, भाव सांगून जातो. टोपीला किंमत डोक्यामुळे येते. टोपी फुकट मिळते, डोक्याचे नाव जोडावे लागते.

१२/ मग खरा पुरावा कसा असतो? मे १९४५ मध्ये सोव्हिएत अधिकाऱ्यांना सापडलेले दात हिटलरचे असल्याचे त्याच्या दंतवैद्याची साहाय्यिका केटे हॉयझरमान आणि तंत्रज्ञ फ्रिट्झ एख्टमान यांनी ओळखले. फ्रेंच तज्ज्ञांनी २०१७ साली ते पुन्हा तपासले. जुन्या क्ष-किरण छायाचित्रांशी ते जुळले. साक्ष वेगळी, छायाचित्रे वेगळी, परीक्षण वेगळे. याउलट मॉस्कोत त्याचाच म्हणून ठेवलेला कवटीचा तुकडा २००९ साली अमेरिकी संशोधकांनी एका स्त्रीचा ठरवला आणि वाद सुरू झाला. सरकारी पेटीवरची चिठ्ठीसुद्धा चिठ्ठीच असते.

१३/ मराठी वाचकाला हे नवे वाटू नये. वतनाच्या तंट्यांत बनावट महजर आणि सनदा पुढे येत, म्हणून कागद, शिक्का आणि साक्षीदार पारखून घ्यावे लागत. बखरीपेक्षा समकालीन अस्सल पत्राला अधिक मोल, हा आग्रह राजवाड्यांनी आयुष्यभर धरला. आपल्या आदराच्या पुरुषांच्या कागदांना आपण जी कसोटी लावतो, ती जगातल्या खलपुरुषांच्या टोप्यांना आणि कंगव्यांना सैल का करावी? तेथे तर पैसा अधिक आणि लाज कमी.

१४/ म्हणून कोणी ‘अमक्या क्रूरकर्म्याची वस्तू’ दाखवली, तर चार प्रश्न विचारा. पहिल्या दिवसापासून आजपर्यंत ती कोणाकोणाकडे होती? त्यातले विकणाऱ्याच्या शब्दावाचून सिद्ध होणारे काय? तुलनेचा नमुना कोठून आला? आणि ही वस्तू त्या माणसाविषयी काय सांगू पाहते, नि कोणाच्या सोयीचे? उत्तरादाखल केवळ छापील प्रमाणपत्र पुढे आले, तर पाकीट खिशात ठेवा. ज्यांना त्या माणसाने मारले, त्यांची नावे, याद्या, पत्रे अभिलेखागारांत आहेत. ती वाचायला बोली लावावी लागत नाही. (समाप्त)