कचेरीचा टेलिफोन : काही सोयी, काही सावधगिरी

इ. स. १८८२ च्या जानेवारीत कलकत्ता, मुंबई आणि मद्रास या तीन शहरांत टेलिफोन एक्सचेंजे रीतसर सुरू झाली, तेव्हा टेलिफोन बाळगणाऱ्याला स्वतः करण्याजोगे फारसे काही नव्हते. यंत्र उचलावे, ऑपरेटरला हवे ते नाव सांगावे आणि वाट पाहावी. पुढे मोठ्या कचेऱ्यांनी स्वतःचे स्विचबोर्ड बसविले आणि त्यांवर स्वतःचे ऑपरेटर नेमले. ‘साहेब आज दुसऱ्या मजल्यावर बसले आहेत, तिकडे जोडून देते’ किंवा ‘ते रजेवर आहेत, त्यांच्या मदतनिसांशी बोला’ ही सारी व्यवस्था त्या ऑपरेटरच्या डोक्यात असे. आता बहुतेक ठिकाणी ऑपरेटरची जागा एका पेटीने घेतली आहे. पेटी चलाख खरी, पण साहेब कोठे बसले आहेत हे तिला कोणीतरी सांगावे लागते. आणि ते सांगण्याचे काम ज्याच्या टेबलावर टेलिफोन आहे त्याचे आहे, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानी येते.

या पेटीला कागदोपत्री ‘ईपीएबीएक्स’ आणि बोलण्यात नुसते ‘इंटरकॉम’ म्हणतात. बाहेरच्या लाईनी पाच-सहा आणि आतील एक्स्टेन्शने पन्नास-साठ, असा तिचा संसार असतो. आपल्या एक्स्टेन्शनवर येणारा फोन दुसरीकडे वळविणे, शेजारच्या टेबलावर वाजणारा फोन आपल्या जागेवरून घेणे, सभेच्या वेळी घंटा बंद ठेवणे, नेहमीचे नंबर दोन आकड्यांत साठविणे, बाहेरगावचे फोन कुलूपबंद करणे, इतक्या सोयी साध्या यंत्रातही असतात. त्यांचे आकडे प्रत्येक कंपनीच्या यंत्रात निराळे. यंत्राबरोबर आलेली पुस्तिका मात्र बहुधा भांडारपालाच्या कपाटात असते, आणि कपाटाची किल्ली भांडारपालाबरोबर रजेवर असते!

येथे एक मर्म समजून घेतले पाहिजे. हे सारे हुकूम टेबलावरील यंत्रात नव्हे, तर मधल्या एक्सचेंजच्या स्मरणात, एक्स्टेन्शनच्या क्रमांकापुढे नोंदले जातात. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील सकासुना या गावी १९६५ साली संग्रहित आज्ञावलीवर चालणारे इलेक्ट्रॉनिक एक्सचेंज सुरू झाले आणि फोन वळविण्यासारख्या सोयी ग्राहकाच्या हाती येऊ लागल्या, त्या याच स्मरणामुळे. आपल्याकडे १९८४ साली ‘सी-डॉट’ ही संस्था निघाली. तिने कचेऱ्यांसाठी १२८ जोडण्यांचे लहान एक्सचेंज रचले आणि त्याच धर्तीवरील ग्रामीण एक्सचेंज १९८६ साली बेळगाव जिल्ह्यातील कित्तूरला बसले. तोवर कचेऱ्यांत सोय म्हणजे काय, तर डायलच्या भोकात अडकविलेले पितळी कुलूप! त्या कुलुपाने कोणी अडत नसे, हे जुन्या लोकांना पक्के ठाऊक आहे. डायल फिरविल्यावर विद्युत्प्रवाह आकड्याइतक्या वेळा क्षणभर तुटतो, पाचाला पाच वेळा, शून्याला दहा वेळा. रिसीव्हर ठेवण्याची खुंटी तितक्याच झपाट्याने दाबली की तेच घडते. कुलूप तसेच राही आणि मुंबईचा फोन लागे.

हुकूम यंत्रात नसून एक्सचेंजमध्ये आहे, याचा परिणाम केवढा होतो ते पाहा. चेन्नईतील एका कचेरीतील हकीकत आहे. तेथील एका अधिकाऱ्याने जागेचे रंगकाम चालू असता आपला फोन मागील दालनात वळविला. काम संपले, काही दिवसांनी त्यांची बदलीही झाली. त्यांच्या टेबलावर नवे यंत्र आले, नवे अधिकारीही आले, पण वळविण्याचा हुकूम जागच्या जागी राहिला. पुण्याहून एक वृद्ध बाई दिवंगत पतीच्या भविष्य निर्वाह निधीच्या कागदांसाठी तीन दिवस फोन करीत होत्या. प्रत्येक वेळी घंटा वाजत होती, त्यामुळे लाईन बिघडल्याची शंकाही त्यांना आली नाही. घंटा वाजत होती ती जुन्या फायली ठेवलेल्या बंद दालनात. नवे अधिकारी आपल्या जागी बसून होते. आपल्याला कोणाचे फोन कसे येत नाहीत, याचे त्यांना थोडे नवल आणि बरेचसे समाधान वाटत असावे. चौथ्या दिवशी बाईंनी मराठीतून पोस्टकार्ड लिहिले आणि ते वाचून घेण्यासाठी माझ्याकडे आले, म्हणून ही गोष्ट कळली.

म्हणून जागा सोडताना कपाटाच्या किल्ल्या देतो तसा वळविलेला फोन परत आणणे हाही कार्यभार सोपविण्याचा भाग मानला पाहिजे. नव्याने आलेल्यानेही पहिल्याच दिवशी, पूर्वीचे हुकूम रद्द करण्याचा आकडा एकदा फिरवावा. तो आकडा माहीत नसला तर यंत्राची देखभाल करणाऱ्या माणसाला विचारावे. त्यात कमीपणा नाही.

फोन वळविण्याचे प्रकारही सारखे नसतात. सरसकट वळविणे, लाईन गुंतलेली असताना वळविणे आणि कोणी न उचलल्यास वळविणे हे तीन निराळे हुकूम आहेत. माझ्या मते पहिला शक्य तो टाळावा आणि तिसरा जवळ करावा, कारण आपण जागेवर असू तेव्हा तो आड येत नाही. त्यात किती वेळाने वळवायचे हेही ठरविता येते. आपल्याकडील घंटा जोडीने वाजते आणि एक जोडी सुमारे तीन सेकंदांची असते. पंधरा सेकंद ठेवले तर पाच जोड्या होतात. फायलींच्या कपाटापासून टेबलापर्यंत यायला एवढा अवधी बेताचाच आहे. ज्येष्ठ सहकाऱ्याच्या टेबलासाठी तो वाढवून द्यावा.

फोन दुसऱ्या टेबलाकडे देताना तो तुटतो, ही तक्रार तर सार्वत्रिक आहे आणि तिचा दोष नेहमी बिचाऱ्या कारकुनावर जातो. वस्तुतः ‘फ्लॅश’ हे बटण दाबले की यंत्र लाईन क्षणभर तोडते. तो क्षण कोठे १०० सहस्रांश सेकंदाचा असतो, कोठे ३०० किंवा ६०० चा. टेलिफोन आणि एक्सचेंज यांचा हा क्षण जुळला नाही, तर एक्सचेंज एकतर इशारा ओळखतच नाही, किंवा रिसीव्हर ठेवला असे समजून मोकळे होते. तसेच कित्येक यंत्रांच्या बाजूला ‘पी’ आणि ‘टी’ अशी अक्षरे असलेली एक लहानशी खिटी असते. ती ‘पी’कडे असेल तर ‘तमिळसाठी एक दाबा, इंग्रजीसाठी दोन दाबा’ असे सांगणाऱ्या ध्वनीला आपण कितीही आकडे दाबले तरी ते ऐकू येत नाहीत. त्या ध्वनीला समजतात ते ‘टी’चे सूर, ‘पी’ म्हणजे जुन्या डायलची टिकटिक.

चेन्नईस राहणाऱ्यांना या विषयाची आणखी एक बाजू ईशान्य मोसमी पाऊस दरवर्षी दाखवितो. १ आणि २ डिसेंबर १९१५ नव्हे, २०१५ चे ते दिवस; इतके जुने वाटावे असेच ते होते. विमानतळ बंद पडला, आणि ‘द हिंदू’सारखे १८७८ पासूनचे वृत्तपत्र २ डिसेंबरला निघू शकले नाही, कारण कामगार छापखान्यापर्यंत पोहोचूच शकले नाहीत. २०१६ च्या डिसेंबरात ‘वरदा’ आणि २०२३ च्या डिसेंबरात ‘मिचाँग’ या वादळांनीही शहर ठप्प केले. अशा दिवशी कचेरी बंद असते, परंतु तिच्याकडे काम असलेली माणसे बंद नसतात. तांब्याच्या तारेवरील साध्या टेलिफोनला वीज एक्सचेंजकडूनच मिळते, म्हणून घरातील दिवे गेले तरी तो चालू राहू शकतो. कचेरीतील पेटीला मात्र स्वतःची वीज लागते आणि बॅटरी काही तासच पुरते. यासाठी अनेक यंत्रांत अशी योजना असते की, वीज गेली की बाहेरची एखादी लाईन आपोआप एका ठरलेल्या टेलिफोनला थेट जोडली जाते. तो टेलिफोन कोणता, हे आपल्या कचेरीत किती जणांना ठाऊक आहे? पुष्कळदा तो चपराशाच्या स्टुलाजवळ असावयाचा आणि कुलूप लागलेल्या दालनात असतो. ऑक्टोबर उजाडण्यापूर्वी त्याची जागा पाहून घ्यावी आणि तळमजल्यावर असेल तर वर हलवावी.

आता थोडे चोरांविषयी. यंत्र येते तेव्हा त्याचा गुप्त आकडा १२३४ किंवा ०००० असा असतो आणि तो तसाच राहतो. बाहेरून फोन करून आतल्या लाईनीवरून पुन्हा बाहेर बोलण्याची सोय ज्या यंत्रात चालू असते, तेथे असा आकडा म्हणजे उघडे दार. शनिवार-रविवारच्या रात्रीत परदेशचे फोन होतात आणि बिल कचेरीस येते. निरोपाच्या पेटीचेही तेच. इंग्लंडात ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ या साप्ताहिकासाठी लोकांचे निरोप चोरून ऐकले जात, त्यांतील कित्येकांनी मूळ गुप्त आकडा बदललाच नव्हता. प्रकरण उघडकीस येऊन ते साप्ताहिक जुलै २०११ मध्ये बंद पडले.

हीच वळविण्याची सोय खिशातील मोबाइलवर अधिक धोक्याची ठरली. आपण टेलिफोन कंपनीतून बोलतो असे सांगून भामटे लोकांना *४०१ ने सुरू होणारा आकडा फिरवावयास लावीत. त्याबरोबर त्या माणसाचे फोन भामट्याकडे जात आणि बँकेचा गुप्त आकडा फोनवरून सांगितला जाई तो त्याच्याच कानी पडे. अखेर दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून असे आकडे फिरवून फोन वळविण्याची सोय थांबविण्याचा आदेश काढला. घरातील वडील मंडळींना एवढेच सांगून ठेवावे की, अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून तारा किंवा चौकटीच्या चिन्हाने सुरू होणारा कोणताही आकडा दाबू नये.

कचेरीत हे सारे एका बैठकीत करावयाचे असेल तर अर्धा तास पुरेल. गुप्त आकडा बदलावा, वळविण्याचे जुने हुकूम रद्द करावेत, घंटेचा अवधी ठरवावा आणि आपल्या यंत्राचे चार-पाच आकडे पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर, चेन्नईत असाल तर तमिळमध्येही, लिहून टेलिफोनखाली ठेवावेत. गुप्त आकडा मात्र त्या पुठ्ठ्यावर नको. मग रस्त्यावर जाऊन मोबाइलवरून आपल्याच कचेरीस फोन लावावा, आपले एक्स्टेन्शन मागावे आणि घंटा मोजीत उभे राहावे.