परळकरांनो, लालबागकरांनो, आजाऱ्याला दार बंद करू नका!

परळ, लालबाग, काळाचौकी, शिवडीच्या सर्व रहिवाशांना,

गेल्या आठवड्यात आपल्याच भागातल्या एका सोसायटीने लिफ्टशेजारी नोटीस लावली : 'कॅन्सर पेशंटला खोली भाड्याने देऊ नये. दिल्यास दंड.' त्याच संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरचं कुटुंब सामानासकट खाली उतरलं. नऊ वर्षांचा पोरगा, केस गळालेले, तोंडाला मास्क. आईच्या काखेत फाईल, बापाच्या हातात शेगडी. सकाळी पोराची केमो. आमच्या कार्यकर्त्यांनी रात्री उशिरा सोय लावली. पण नोटिशीवर सही करणाऱ्यांना झोप कशी लागली?

कॅन्सर संसर्गजन्य नाही. लिफ्टच्या बटणाने, ताटाने, श्वासाने तो पसरत नाही. बाहेरून रेडिएशन घेतलेल्याच्या अंगातून किरणं निघत नाहीत. केमोने पांढऱ्या पेशी घटतात, म्हणून मास्क. आपल्या खोकल्याची भीती त्या पोराला! आणि जागांचे 'भाव पडतील' म्हणता? टाटा कॅन्सर रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ पासून परळला आहे. इथल्या जागांचे भाव पडले की गगनाला भिडले?

'बाहेरचे लोक' म्हणता? आपले आजे कोकणातून, घाटावरून गिरणीत आले, तेव्हा दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने झोपले. कुणीतरी पथारीपुरती जागा दिली, म्हणून आज आपल्या नावावर फ्लॅट आहेत.

या आजाराशी मुंबईत सरकार आणि डॉक्टर एकटे लढलेले नाहीत. १९५१ मध्ये डॉ. जस्सावाला आणि नवल टाटांनी इंडियन कॅन्सर सोसायटी उभी केली. नाना पालकर स्मृती समिती परळमध्येच रुग्णांना निवारा देते, दादरची गाडगे महाराज धर्मशाळाही देते. २००६ पासून सेंट ज्यूड संस्था उपचारासाठी आलेल्या मुलांना आईबापांसह राहायला जागा देते. १९६९ ची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन तर ग्लिव्हेक औषधाच्या पेटंटविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली. १ एप्रिल २०१३ ला ते औषध बनवणाऱ्या नोव्हार्टिस कंपनीचं अपील फेटाळलं गेलं. आणि आपण? २०२१ मध्ये रुग्णांच्या नातेवाइकांसाठी ठरलेल्या म्हाडाच्या शंभर सदनिका स्थानिक विरोधामुळे अडल्या. पर्यायी जागा शोधावी लागली. तो डाग अजून पुसलेला नाही.

रुग्णाला इथेच का राहावं लागतं? रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस, अनेकदा पाच-सहा आठवडे चालतं. बिहार-बंगालचा, विदर्भ-मराठवाड्याचा माणूस रोज कुठून येणार? फुटपाथवरून?

म्हणून ताबडतोब :

१. सोसायटीत अशी नोटीस असेल तर कमिटीला लेखी हरकत द्या, सर्वसाधारण सभेत ठराव मांडून ती उतरवा.
२. रिकामी खोली असेल तर रुग्णाला वाजवी भाड्याने द्या. अडलेल्याकडून दुप्पट डिपॉझिट उकळणं हे पाप आहे.
३. रुग्णांना लागणाऱ्या प्लेटलेट्स पाचेक दिवसच टिकतात. रक्तदान शिबिराची वाट पाहू नका, रक्तपेढीत नाव नोंदवा.
४. गणेशोत्सव मंडळांनो, एका दिवसाच्या रोषणाईचा खर्च रुग्णांच्या जेवणाला द्या.
५. हिंदी, बंगाली येणाऱ्या तरुणांनो, केसपेपर काढण्यापासून रांगेपर्यंत सोबत करा. शिकवायला आम्ही आहोत.

आमच्याकडे ना मोठा देणगीदार, ना पगारी माणूस. तरी रात्री-अपरात्री आलेल्या एकाही पेशंटला आम्ही परत पाठवलेलं नाही. येत्या रविवारी सकाळी दहाला विभागातल्या प्रत्येक सोसायटीचा एक तरी पदाधिकारी आमच्या बैठकीला आलाच पाहिजे. दुपारी नोटीस लावणाऱ्या त्या सोसायटीत जाऊन नोटीस उतरवण्याची विनंती करायची आहे. शंभर जण येतील तर ती उतरेल. या!

आपले,
परळ-लालबाग विभागातील रुग्णसेवेचे कार्यकर्ते