गच्चीवरचें ऊन आणि घरांतला हिशेब

गेल्या वर्षीं आमच्या पुण्यांतील घराच्या गच्चीवर सौर वीजसंच बसला. तेव्हांपासून घरीं येणारा प्रत्येक गृहस्थ एकच प्रश्न करतो, “खर्च किती आला?” प्रश्न साधा आहे; परंतु त्याचें उत्तर एका आंकड्यांत देतां येत नाहीं, हें आम्ही अनुभवानें शिकलों. म्हणून तो सारा हिशेब या महिन्यांत वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

आधीं रोख रकमेचा भाग. तीन किलोवॅटचा संच, त्याखालील उंच लोखंडी मांडवासह, आम्हांस १,९५,००० रुपयांस पडला. फेब्रुवारी २०२४ मध्यें सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेंत पहिल्या दोन किलोवॅटांस दर किलोवॅटमागें ३०,००० व तिसऱ्यास १८,००० असें एकूण ७८,००० रुपये अनुदान मिळतें. संच याहून मोठा घेतला तरी अनुदान तेवढेंच. आणि त्यासाठीं पॅनेल भारतीय बनावटीचेंच असावें लागतें. ही रक्कम संच बसून त्याची तपासणी झाल्यावर खात्यांत जमा होते. अर्थात् प्रथम सगळा पैसा आपणच उभा करावयाचा. अनुदान वजा जातां आमचा खर्च १,१७,००० रुपये झाला.

आतां प्राप्तीचा भाग. आपल्याकडे एका किलोवॅटमागें वर्षाच्या सरासरीनें दररोज सुमारें चार युनिट वीज निघते. चैत्र-वैशाखांत ती अधिक, आषाढ-श्रावणांत पुष्कळच कमी. दिवसा उरलेली वीज दुहेरी नोंद ठेवणाऱ्या मीटरमधून तारांकडे परत जाते व रात्रीच्या वापरांतून वजा होते. आमचा वापर महिना २७० युनिटांचा व बिल ३,००० रुपयांच्या आसपास असे. स्थिर आकार चुकत नाहीं. तरी महिना २,६०० रुपये वांचतात. म्हणजे पावणेचार वर्षांत भांडवल वसूल. पॅनेलचें आयुष्य पंचवीस वर्षांचें धरतात. मात्र इन्व्हर्टर मध्यंतरीं एकदां तरी बदलावा लागेल, हें गृहीत धरावें.

हे आंकडे ऐकून वरच्या मजल्यावर राहणारे आमचे धाकटे बंधूही संच मागविण्यास निघाले. त्यांचा मीटर निराळा, माणसें दोन, वापर महिना ऐंशी युनिटांचा. हिशेबाची मेख येथेंच आहे. घरगुती विजेचा दर शंभर युनिटांपर्यंत कमी व त्यापुढें जवळजवळ दुप्पट असतो. आमची बचत मुख्यतः त्या महाग युनिटांतील. त्यांच्याकडे तीं युनिटेंच नाहींत. एक किलोवॅटास त्यांना ७५,००० रुपये दर सांगण्यांत आला. अनुदान वजा जातां ४५,००० राहतात व महिना बचत पांचशेंची. म्हणजे वसुलीस साडेसात वर्षें. त्यांनीं तूर्त थांबण्याचें ठरविलें, तें आम्हांस योग्यच वाटलें. शेजाऱ्याचा हिशेब आपल्या घरास लागू पडतोच असें नाहीं. येथें तर तो एकाच घराच्या दोन मजल्यांसही लागू पडला नाहीं.

पण खरी अडचण पुढेंच होती. आमचा मीटर अद्याप कै. वडिलांच्याच नांवें होता. अर्ज मीटरवरील नांवानें करावयाचा, म्हणून नांव बदलणें आलें व त्यासाठीं वारसांच्या सह्या आल्या. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, “दोघां भावांच्या सह्या पुरेत. बहिणीला नागपूरहून कशाला त्रास?” आम्ही दोघेही मान डोलावून मोकळे झालों. इतक्यांत आई म्हणाली, “हें घर त्यांनीं बांधलें तेव्हां मला तीन मुलें होतीं. आज दोनच कशीं झालीं?”

आम्ही खजील झालों. वडिलांनीं स्वकमाईनें बांधलेल्या व मृत्युपत्र नसलेल्या घरांत १९५६ च्या वारसा कायद्यानें आई, मुलगे व मुली यांचे हिस्से सारखे. वीजमीटरवर नांव चढल्यानें घराची मालकी ठरत नाहीं, हें खरें. पण संशयाचें बीं अशाच कागदांतून रुजतें. त्याच रात्रीं ताईस फोन केला. ती म्हणाली, “सही मी आनंदानें देईन, दादा. पण गच्ची कोणाची, तेंही एका कागदावर लिहून ठेवा.”

तसा कागद आम्हीं केला. गच्ची चौघांची, संचानें व्यापलेली तीनशें चौरस फूट जागा वापरापुरती आमच्याकडे, तेवढीच धाकट्या बंधूंसाठीं मोकळी, पुढेंमागें घर पाडून बांधावयाचें झाल्यास संच हलविण्याचा खर्च आमचा. आईची अट एकच होती, कुरडया-पापडांचें वाळवण बंद पडतां कामा नये. मोकळ्या अर्ध्या गच्चीवर तें आजही पडतें, आणि उंच मांडवाच्या सावलींत बसून तिला राखण करतां येते.

दोन गोष्टी मात्र आम्हांस कोणी आधीं सांगितल्या नाहींत. बॅटरी नसलेला संच बाहेरची वीज गेली कीं आपणही बंद पडतो. तारांवर काम करणाऱ्या माणसाच्या जिवासाठीं तशी योजनाच असते. आणि पॅनेलवरची धूळ वेळच्या वेळीं धुवावी लागते, नाहीं तर उत्पन्न घटतें.

तेव्हां ज्या घरांत हा विचार चालू असेल, त्यांनीं दरपत्रक मागविण्यापूर्वीं तीन कागद काढावेत: बारा महिन्यांचीं बिलें, मीटर कोणाच्या नांवें आहे त्याचा दाखला, आणि वारसांची यादी. पहिल्या कागदावरून संच किती मोठा घ्यावा तें कळेल; उरलेल्या दोहोंवरून त्याखालीं घर एकत्र राहील कीं नाहीं, तें.