१९११ चा उन्हाळा : मैदानावर जात खरेच गळून पडली होती?

दरवर्षी २९ जुलै उजाडला की समाजमाध्यमांवर अकरा अनवाणी फुटबॉलपटूंचे स्मरण सुरू होते. १९११ साली त्या दिवशी कोलकात्याच्या मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे नमवून आयएफए शील्ड जिंकली. (अकरांपैकी सुधीर चटर्जी यांच्या पायांत बूट होते, पण दंतकथेला अपवाद मानवत नाहीत.) विजय मोठाच होता. मात्र त्याच उन्हाळ्यात इंग्लंडच्या मैदानांवर एका मराठी गोलंदाजाने गाजवलेल्या हंगामाचे स्मरण फारसे होत नाही, आणि झालेच तर चुकीच्या कारणासाठी होते.

पटियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली गेलेला हा पहिला अखिल भारतीय क्रिकेट संघ. संघाची निवड धर्मनिहाय वाटणीने झाली होती. त्यात पारशी डॉक्टर होते, अलीगढच्या कॉलेजात घडलेले खेळाडू होते. २३ सामन्यांपैकी ६ जिंकले, १५ हरले. एवढे आकडे पाहून दौऱ्यावर ‘फसलेला’ असा शिक्का मारला जातो. कर्णधारच बहुतेक वेळ मैदानाबाहेरच्या दरबारी गाठीभेटींत रमला, हे सांगायचे राहून जाते.

आणि या पडक्या घराचा एक खांब शेवटपर्यंत उभा होता : बाळू पालवणकर. वय ३५, डावखुरे फिरकी गोलंदाज. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत ७५ बळी, सगळे सामने धरले तर शंभराच्या पलीकडे. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एकाच डावात १०३ धावांत ८. ज्या माणसाने कॉलेजचा उंबरठा कधी ओलांडला नाही, त्याने केंब्रिजच्या पोरांना एकामागून एक तंबूत धाडले. सॉमरसेटविरुद्धचा सामना भारतीयांनी एका गड्याने जिंकला, त्यात बाळूंचे धाकटे बंधू शिवराम यांचे नाबाद शतक होते.

येथवरची कथा सर्वांना आवडते. मग हळूच एक वाक्य चिकटवले जाते : ‘बघा, खेळाने जात पुसली.’ हे वाक्य खोटे आहे.

चांभार कुटुंबात जन्मलेले बाळू पुण्यात आधी पारशांच्या क्लबात आणि मग युरोपियनांच्या पूना जिमखान्यात मैदान राखत. पगार महिना तीन-चार रुपये. खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, जाळी लावायची आणि साहेबांना तासन् तास चेंडू टाकायचे. त्यांच्या हाती बॅट मात्र कुणी दिली नाही. ती हुकमत गाजवणाऱ्यांची वस्तू. पुढे पुण्याच्या हिंदू क्लबाला त्यांची गरज भासली तेव्हा सवर्ण सभासदांनी तोड काढली. मैदानात चेंडू एकच, तो सर्वांनी हाताळायचा. चहाच्या वेळी मात्र बाळूंनी तंबूबाहेर बसायचे आणि मातीच्या भांड्यात प्यायचे. चेंडू विटाळत नव्हता, कप विटाळत होता. याला जात पुसणे म्हणतात की सोयीपुरती दुमडून ठेवणे?

‘काळच तसा होता’ हा नेहमीचा बचाव येथे चालत नाही. त्याच काळात, त्याच क्लबात, बाळूंना संघात घ्या म्हणून भांडणारे सभासदही होते. म्हणजे पर्याय समोर होता, निवड करता येत होती.

इंग्लंडहून परतल्यावर मुंबईत अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाने बाळूंचा सत्कार केला. हिंदू संघाचे कर्णधारपद मात्र त्यांच्याकडे आले नाही. संघातील सर्वांत यशस्वी गोलंदाज वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या हुकमाखाली खेळला. १९२० मध्ये बाळूंना संघातून वगळले गेले आणि कर्णधार निवडताना त्यांचे बंधू विठ्ठल यांनाही डावलण्यात आले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर निषेध करून माघार घेतली. वर्तमानपत्रांत वाद पेटला. मग तडजोड निघाली : बाळूंना उपकर्णधार करायचे आणि कर्णधार पै यांनी मध्येच मैदान सोडायचे, म्हणजे थोडा वेळ का होईना सूत्रे बाळूंच्या हाती राहतील! नऊ वर्षांपूर्वी इंग्लिश कौंट्यांना झुंजवणाऱ्या माणसाला मिळालेला मान एवढाच, तोही मागच्या दाराने.

१९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे रीतसर कर्णधार झाले. बाळूंचा खेळ तोवर संपला होता.