केडगावची माया

रविवारी सकाळी आमच्या बेलव्ह्यूत चर्चवरून गाडी नेली, तर बाहेरच्या पाटीवर ‘प्रेम’ हा शब्द बहुधा दिसतोच. आपल्या सिनेमांनी तो इतका गुळगुळीत करून ठेवलाय, की ‘शेजाऱ्यावर प्रेम कर’ म्हणजे सोमवारी सकाळी नक्की काय करायचं, असा प्रश्न माझ्यासारख्या इंजिनिअरला पडतो. उत्तरासाठी मराठी माणसाने लांब जायला नको. पुणे-दौंड लोहमार्गावर केडगाव आहे.

पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात ख्रिस्ती धर्म स्वीकारला. नंतर अमेरिकेत हिंडून त्यांनी विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला आणि १८८९ साली मुंबईत ‘शारदा सदन’ काढलं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुलींना घेऊन आल्या. त्यांचे आईवडील दुष्काळातच गेले होते. भूक त्यांना पुस्तकातून कळलेली नव्हती. १९०० च्या सुमारास केडगावच्या ‘मुक्ती’त राहणाऱ्यांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

आता हिशेब करा. दोन हजार माणसांना रोज दोन वेळा जेवायला घालायचं, म्हणजे पाणी, धान्य, जळण, आजारपण सगळं आलं. बाईंनी शेती केली, विणकाम सुरू केलं, छापखाना घातला, अंध मुलींना ब्रेल शिकवण्याची सोय केली. समाजाने टाकलेल्या बायकांसाठी ‘कृपा सदन’ काढलं. प्रेम म्हणजे नुसता उमाळा नव्हे, ती रोजची व्यवस्था असते, हे इथे दिसतं.

धर्मांतराचं काय, असं कोणी विचारेलच. विचारावंच. १८९३ साली याच वादातून रानडे आणि भांडारकर शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. मदतीच्या बदल्यात माणसाची श्रद्धा मागितली, तर ते प्रेम राहत नाही, व्यवहार होतो. पण या वादाला खरं उत्तर दिलं ते अण्णा कर्व्यांनी. त्यांच्या पत्नी शारदा सदनातच शिकलेल्या. अण्णांनी नुसती टीका केली नाही, १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला.

आपल्याकडे दुष्काळ नाही, लेऑफ आहेत. नोकरी गेली की एच-१बी वाल्याच्या हाती जास्तीत जास्त साठ दिवस असतात. अशा वेळी ग्रुपवर हात जोडलेलं चित्र टाकून आपण मोकळे होतो. त्यापेक्षा फोन करावा, रेझ्युमे बघून द्यावा, आपल्या मॅनेजरकडे शब्द टाकावा, मुलांना चार दिवस शाळेतून आणावं. आणि हे फक्त मंडळाच्या वर्गणीदारांसाठी नको. आपल्या माणसाला आपण मदत करतोच हो. जो आपल्या भाषेचा नाही, परतफेड करण्याच्या स्थितीत नाही, त्याच्यासाठी उठलो, तर खरं.

पुढच्या भारतभेटीत पुण्याहून दौंडकडे जाणं झालं, तर केडगावला अवश्य उतरा. रमाबाई १९२२ साली गेल्या, ‘मुक्ती’चं काम आजही चालू आहे.